आधी ठिपके, मग रेषा

गेले वर्षभर मी एक साधा उद्योग नेमाने करीत आहे. केवळ खंडांच्या किनाऱ्यांच्या रेषा असलेला जगाचा कोरा नकाशा मेजावर पसरून त्यावर ट्रेसिंग पेपर डकवला आहे, आणि जगात कोठेही ५ किंवा त्याहून अधिक महत्तेचा (मॅग्निट्यूडचा) भूकंप झाला की त्याचे अक्षांश-रेखांश पाहून त्या जागी टोकदार पेन्सिलीने एक ठिपका देतो. असे भूकंप दिवसाला सरासरी चार-पाच होतात, त्यामुळे हे काम काही मिनिटांत उरकते. पहिल्या आठवड्यात कागदावर विखुरलेल्या ठिपक्यांपलीकडे काही दिसत नाही. दोन-तीन महिन्यांनी मात्र जपानपासून फिलिपिन्सपर्यंत आणि पुढे टोंगापर्यंत ठिपक्यांची माळ जुळू लागते, दक्षिण अमेरिकेचा पश्चिम किनारा गडद होत जातो, आणि अटलांटिक महासागराच्या ऐन मध्यावर, जेथे कागद अगदी कोरा होता, उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणारी एक विरळ ओळ उमटते. दोन्ही बाजूंचे किनारे जसे वळतात तशीच तीही वळते. मी त्या कागदावर आजवर एकही रेषा काढलेली नाही, तरी तेथे रेषा आहेत.

भूकंप आणि ज्वालामुखी भूपट्टांच्या, म्हणजे पृथ्वीचा पृष्ठभाग ज्या मोठ्या, सरकत्या तुकड्यांचा बनला आहे त्यांच्या, सीमांवरच का एकवटतात, असे विचारले जाते तेव्हा त्या प्रश्नात एक गृहीत दडलेले असते. भूपट्टांच्या सीमा कोणीतरी आधी शोधून काढल्या आणि भूकंप नेमके त्या सीमांवर होतात हे नंतर आढळले, असे ते गृहीत आहे. प्रत्यक्षात क्रम बहुतांशी उलटा आहे. समुद्राच्या पाण्याखाली कोणाच्याही नजरेस न पडणाऱ्या या सीमा भूकंपांनीच दाखवून दिल्या. त्यामुळे प्रश्न थोडा बदलून मांडला पाहिजे. पृथ्वीचे कवच सर्वत्र थोडे थोडे न हलता काही अरुंद पट्ट्यांतच का मोडते, आणि त्याच पट्ट्यांच्या आसपास खडक का वितळतो? हे दोन प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरे वेगवेगळी आहेत. दोन्हींना एकच उत्तर देऊन मोकळे होणे, ही या विषयाच्या सोप्या मांडणीतील मला सर्वांत जाचणारी उणीव आहे.

भूकंपांचे पट्टे असतात हे पूर्वीपासून लक्षात आले होते. आयर्लंडचे अभियंते रॉबर्ट मॅलेट यांनी १८५० च्या दशकात जुन्या नोंदी धुंडाळून हजारो भूकंपांची यादी केली आणि तिच्या आधारे जगाचा भूकंप-नकाशा काढला. त्यात पॅसिफिकच्या काठाचा आणि भूमध्य समुद्राकडून आशियात शिरणारा असे दोन्ही पट्टे ओळखू येतात. परंतु त्या नोंदी माणसांनी अनुभवलेल्या धक्क्यांच्या होत्या, आणि महासागराच्या मध्यावर धक्का अनुभवायला कोणी नव्हते. अटलांटिकची ओळ दिसण्यासाठी भूकंपमापकांची आणखी शंभर वर्षे जावी लागली.

ती ओळ दिसली तो प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. १९५० च्या दशकाच्या आरंभी न्यूयॉर्कजवळच्या लॅमाँट भूवैज्ञानिक वेधशाळेत मरी थार्प या तरुण भूवैज्ञानिक अटलांटिकच्या तळाचे छेद काढीत होत्या. स्त्रियांना त्या काळी संशोधन-जहाजांवर प्रवेश नव्हता, म्हणून जहाजांनी प्रतिध्वनीच्या साहाय्याने मोजून आणलेली खोलीची आकडेमोड त्यांच्या मेजावर येई आणि त्या एकेक आकडा कागदावर मांडीत. महासागराच्या मध्यावरील पर्वतरांगेच्या माथ्यावर, एका छेदामागून दुसऱ्या छेदात, त्यांना एक खोल खाच दिसली. रांगेचा माथा दुभंगून तेथे खचदरी झाली असावी, असे त्यांनी सहकारी ब्रूस हीझन यांना सांगितले तेव्हा त्यांनी ते ‘बायकांच्या गप्पा’ म्हणून उडवून लावले; खचदरी मान्य करणे म्हणजे खंडे सरकतात हे मान्य करण्यासारखे होते. त्याच खोलीत हॉवर्ड फॉस्टर हे चित्रकार समुद्रातून टाकावयाच्या केबलींसाठी सुरक्षित मार्ग शोधण्याच्या कामी हजारो भूकंपांची केंद्रे नकाशावर मांडीत होते, आणि योगायोगाने दोघांच्या नकाशांचे प्रमाण एकच होते. एक नकाशा दुसऱ्यावर ठेवून खालून प्रकाश दिला तेव्हा भूकंपांची ओळ थार्प यांच्या खाचेतूनच जात होती. पुढे ज्या महासागरी भागांत खोलीची मोजमापे तुटपुंजी होती तेथे भूकंपांच्या ओळीचा माग काढूनच खचदरी कोठे असेल हे ठरवता आले.

यानंतर नोंदलेल्या भूकंपांचा आकडा झपाट्याने वाढला, आणि त्याचे कारण अणुबाँब होते. भूमिगत अणुचाचण्या ओळखता याव्यात म्हणून अमेरिकेने १९६० च्या दशकात जगभर सुमारे १२० ठिकाणी एकसारखे भूकंपमापक बसवले. त्या काळातील नोंदींतून भूकंपवैज्ञानिक मुआवीया बराझंगी आणि जेम्स डॉर्मन यांनी १९६१ ते १९६७ या सात वर्षांतील सुमारे २९,००० भूकंप एकाच नकाशावर मांडले आणि तो नकाशा १९६९ मध्ये प्रसिद्ध केला. काळ्या ठिपक्यांच्या बारीक दोऱ्यांनी पृथ्वीचा पृष्ठभाग काही मोठ्या, जवळजवळ रिकाम्या तुकड्यांत विभागलेला त्यात दिसतो. भूपट्टांची कल्पना तोवर मांडली गेली होती, आणि हा नकाशा पाहिल्यावर ती नाकारणे कठीण झाले.

आता कारणांकडे वळतो. ठिपक्यांच्या ओळी जितक्या महत्त्वाच्या, तितकाच मधला रिकामेपणाही महत्त्वाचा आहे, किंबहुना मला तो अधिक बोलका वाटतो. भूपट्ट म्हणजे भूकवच आणि त्याखालच्या प्रावरणाचा (कवच आणि गाभा यांमधील खडकाच्या जाड थराचा) थंड, कडक झालेला वरचा थर मिळून बनलेला, ढोबळमानाने शंभर किलोमीटर जाडीचा तुकडा. त्याखालचा खडकही घनरूपच आहे, पण तो तापलेला असल्यामुळे लाखो वर्षांच्या हिशेबात संथपणे वाहू शकतो. वरचा तुकडा कडक असल्यामुळे तो अखंड सरकतो. पॅसिफिक भूपट्ट जपानच्या दिशेने वर्षाला ८ ते ९ सेंटिमीटर सरकतो आणि त्यावरील प्रत्येक जागा त्याच्याबरोबर सरकते, त्यामुळे भूपट्टाच्या आतील दोन शेजारी ठिकाणांमधील अंतर बदलत नाही. उपग्रहांच्या साहाय्याने स्थान मोजणाऱ्या जीपीएस केंद्रांनी गेल्या काही दशकांत हे मिलिमीटरच्या हिशेबात दाखवून दिले आहे. केवळ गतीने खडक मोडत नाही. शेजारच्या दोन खडकांच्या गतीत फरक असला तरच तो ताणला जातो, आणि पुरेसा ताणला गेला की मोडतो. तो फरक जवळजवळ सगळा कडेला साठतो, कारण एक तुकडा तेथे संपतो आणि वेगळ्या दिशेने जाणारा दुसरा तेथे सुरू होतो.

हा फरक साठतो कसा, हे १९०६ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या भूकंपाने दाखवून दिले. सुमारे ४७० किलोमीटर लांबीच्या भेगेवर जमीन आडवी सरकली. कुंपणे आणि रस्ते मध्येच तुटून त्यांचे दोन भाग काही ठिकाणी सुमारे ६ मीटरांनी एकमेकांपासून बाजूला गेले. अमेरिकन भूभौतिकशास्त्रज्ञ हॅरी रीड यांनी भूकंपापूर्वीच्या पन्नास वर्षांतील भूसर्वेक्षणांची मोजमापे भूकंपानंतरच्या मोजमापांशी ताडून पाहिली. तेव्हा त्यांच्या लक्षात आले की भेगेपासून दूरची ठिकाणे भूकंपाआधीच हळूहळू सरकत होती. फक्त भेगेजवळचा खडक घर्षणामुळे अडकून राहिला होता आणि म्हणून वाकत चालला होता. भूकंपाच्या दिवशी भेग सुटली आणि वाकलेला खडक एका झटक्यात सरळ झाला. १९१० मध्ये मांडलेला हा लवचीक प्रतिक्षेपाचा सिद्धांत आजही भूकंपविज्ञानाचा पाया आहे. हिशेब करून पाहावा: त्या विभंगावर, म्हणजे भेगेवर, वर्षाला साधारण साडेतीन सेंटिमीटर सरकण्याची भर पडत असेल तर ६ मीटर साठायला सुमारे १७० वर्षे लागतात, आणि ते ६ मीटर सुटायला काही सेकंद.

ज्या पृष्ठावर ही घसरण होते ते प्रत्यक्ष कसे असते याविषयी मला फार दिवस कुतूहल होते. त्याचे उत्तर जपानच्या एका मोहिमेतून मिळाले. ११ मार्च २०११ रोजी जपानच्या ईशान्य किनाऱ्यापुढे ९ महत्तेचा भूकंप झाला, आणि सागरी गर्तेजवळ (एक भूपट्ट दुसऱ्याखाली शिरतो तेथील समुद्रतळावरच्या खोल चराजवळ) दोन भूपट्टांमधील घसरण ५० मीटरांच्या घरात गेली. पुढच्याच वर्षी ‘चिक्यू’ या जहाजाने सुमारे ६,९०० मीटर खोल पाण्यातून छिद्रण-नळी खाली सोडून समुद्रतळाच्या आत ८०० मीटरांहून अधिक खोल छिद्र घेतले आणि ते पृष्ठ गाठले. दोन अवाढव्य भूपट्टांमधली ती सीमा पाच मीटरांहूनही कमी जाडीच्या थरात सामावलेली निघाली. वर आलेला नमुना तपकिरी-काळ्या रंगाच्या, खवल्याखवल्यांनी सुटणाऱ्या चिकणमातीचा होता, आणि तिचे घर्षण ओल्या साबणाची आठवण व्हावी इतके कमी होते. छिद्रात ठेवलेल्या तापमापकांना भूकंपानंतर दोन वर्षांनीही त्या थराजवळ सुमारे ०.३ अंश सेल्सिअसची जास्तीची उष्णता आढळली. ती त्या दिवशीच्या घसरणीत निर्माण झालेल्या उष्णतेचा उरलेला अंश होती. नकाशावरची सीमारेषा कागदापुरतीच असते असे मला पूर्वी वाटत असे. त्या पाच मीटरांनी ती समजूत दूर केली.

तरीही सगळ्या सीमा सारख्या नाहीत, आणि कोणत्या सीमेवर किती मोठा भूकंप होईल हे केवळ गतीवर ठरत नाही. अर्जेंटिनापर्यंत जाऊन पोचणारे हादरे चिलीच्या किनाऱ्याजवळ निर्माण होतात, पण आइसलँडजवळ तसे होत नाही. याचे कारण तापमानात आहे. खडक थंड असेल तरच तो ताण साठवून एकाएकी मोडतो. तापलेला खडक हळूहळू वाहून ताण सोडून देतो. खंडीय भूकवचात साधारण ३५० अंश सेल्सिअसच्या पुढे, म्हणजे बहुतेक ठिकाणी १० ते १५ किलोमीटर खोलीनंतर, ही मोडण्याची क्षमता संपत जाते. म्हणून १९०६ चा भूकंप ज्यावर झाला त्या सॅन आंद्रेआससारख्या उभ्या विभंगावर मोडू शकणारा पट्टा शेकडो किलोमीटर लांब असला तरी जेमतेम पंधरा किलोमीटर रुंद असतो. मध्य-महासागरी पर्वतरांगेवर कवच नुकतेच तयार झालेले, पातळ आणि गरम असते, त्यामुळे तेथील भूकंप बहुधा ६ महत्तेच्या आतच राहतात. याउलट, जेथे थंड झालेला जुना सागरी भूपट्ट दुसऱ्या भूपट्टाखाली तिरकस शिरतो, तेथे दोघांचा संपर्क उतरत्या पृष्ठावर असतो आणि थंड राहिलेला भाग शंभर-दोनशे किलोमीटर रुंद होतो. १९६० चा चिलीचा ९.५ महत्तेचा भूकंप, यंत्रांनी नोंदलेला आजवरचा सर्वांत मोठा, सुमारे १,००० किलोमीटर लांबीच्या अशाच पृष्ठावर झाला. महत्ता मोडलेल्या क्षेत्रफळावर आणि घसरणीवर अवलंबून असल्यामुळे ९ च्या आसपासचे सगळे भूकंप, १९६४ चा अलास्काचा आणि २००४ चा सुमात्राचा धरून, याच प्रकारच्या सीमांवर झालेले आहेत. पॅसिफिकच्या काठाला जगातील मोठ्या भूकंपांपैकी सुमारे ८० टक्के भूकंप होतात ते यामुळेच.

येथे एका तपशिलावर थोडे रेंगाळतो, कारण भूपट्टांची कल्पना खरी असल्याचा याहून नेटका पुरावा मला ठाऊक नाही. मध्य-महासागरी रांग अखंड नसते. ती ठिकठिकाणी तुटून बाजूला सरकलेली दिसते आणि तुटलेली टोके आडव्या विभंगांनी जोडलेली असतात. विषुववृत्ताजवळच्या रोमांश विभंगावर ही सरक जवळजवळ ९०० किलोमीटरांची आहे. पाहणाऱ्याला सहज वाटेल की पूर्वी सरळ असलेली रांग या विभंगावर घसरून तुटली असावी. तसे असते तर विभंगाच्या संपूर्ण लांबीवर, रांगेच्या टोकांपलीकडेही, भूकंप झाले असते. कॅनडाचे भूवैज्ञानिक टूझो विल्सन यांनी १९६५ मध्ये वेगळा विचार मांडला. रांगेच्या प्रत्येक तुकड्यापासून दोन्ही बाजूंना नवा समुद्रतळ दूर जात असेल, तर परस्परविरुद्ध गती फक्त दोन टोकांच्या मधल्या भागात राहील. टोकांपलीकडे भेगेच्या दोन्ही बाजूंचा तळ एकाच दिशेने, एकाच वेगाने जाईल आणि तेथे भूकंप होणार नाहीत. शिवाय मधल्या भागातील घसरणीची दिशा वरवर दिसणाऱ्या दिशेच्या उलटी असेल. भूकंपवैज्ञानिक लिन साइक्स यांनी १९६७ मध्ये अटलांटिकमधील भूकंपांच्या पहिल्या लहरींवरून घसरणीच्या दिशा काढल्या, आणि त्या विल्सन यांनी सांगितल्याप्रमाणे उलट्या निघाल्या. समुद्रतळावर ती भेग रांगेच्या टोकांपलीकडे शेकडो किलोमीटर स्पष्ट दिसते, पण तेथे ती शांत आहे. भेग आहे म्हणून भूकंप होतो असे नाही, हे यावरून लख्ख कळते. भेगेच्या दोन बाजूंच्या गतीत फरक हवा.

कागदावरचे ठिपके एक गोष्ट लपवतात, ती म्हणजे खोली. जपान, टोंगा आणि दक्षिण अमेरिका येथील ठिपके एका रेषेवर न राहता खंडाच्या किंवा बेटांच्या आतल्या बाजूला पसरत जातात, आणि जसजसे आत जावे तसतशी भूकंपाची नाभी, म्हणजे खडक मोडायला जेथे सुरुवात होते ती जागा, खोल होत जाते. जपानचे कियो वादाती यांनी १९२० आणि १९३० च्या दशकांत हे दाखवून दिले. गर्तेजवळ काही किलोमीटर, किनाऱ्याखाली पन्नास-साठ, आणि दूर आत गेल्यावर शेकडो किलोमीटर अशी ही उतरण सुमारे ७०० किलोमीटर खोलीपर्यंत जाते. भोवतालचे प्रावरण इतके तापलेले असताना त्या खोलीवर मोडू शकणारा खडक यावा कोठून? उत्तर हेच की तो वरून आलेला आहे. खडक उष्णतेचा अतिशय मंद वाहक असल्याने, वर्षाला काही सेंटिमीटर वेगाने खाली जाणारा भूपट्ट लाखो वर्षे आतून थंडच राहतो. ९ जून १९९४ रोजी बोलिव्हियाखाली ६०० किलोमीटरांहून अधिक खोलीवर झालेला ८.२ महत्तेचा भूकंप हजारो किलोमीटर दूर कॅनडातील टोरांटोमध्येही लोकांना जाणवला. एवढ्या खोलीवर नुसत्या घर्षणाचे गणित चालत नाही, कारण तेथील प्रचंड दाबाखाली भेग घट्ट आवळलेली असते; खनिजांतून सुटणारे पाणी आणि ऑलिव्हिन या खनिजाची अधिक दाट रूपात एकाएकी होणारी पुनर्रचना, अशी दोन स्पष्टीकरणे तेथे पुढे येतात.

आता ज्वालामुखी. भूकवच ही पातळ साल आहे, खाली उकळत्या शिलारसाचा समुद्र आहे आणि भूपट्टांच्या फटींतून तो वर येतो, हे चित्र अतिशय प्रचलित आहे आणि ते चुकीचे आहे. भूकंपाच्या दुय्यम लहरी द्रवातून जाऊ शकत नाहीत, पण २,९०० किलोमीटर जाडीच्या प्रावरणातून त्या आरपार जातात. म्हणजे प्रावरण घनरूप आहे. शंभर किलोमीटर खोलीवर तापमान १,३०० अंश सेल्सिअसच्या आसपास असूनही तेथला खडक वितळत नाही, कारण वरच्या खडकाच्या दाबामुळे त्याचा वितळणबिंदू वाढलेला असतो. फट पडली तरी वर यायला तयार शिलारस खाली नसतोच. तो निर्माण व्हावा लागतो. त्यासाठी एक तर दाब कमी झाला पाहिजे, किंवा वितळणबिंदू खाली आणणारे काहीतरी खडकात मिसळले पाहिजे, किंवा नेहमीपेक्षा अधिक तापलेला खडक खोलातून वर आला पाहिजे.

मध्य-महासागरी रांगेवर पहिला मार्ग चालतो. भूपट्ट दूर जातात, त्यांनी सोडलेली जागा भरायला खालचा घन पण वाहता खडक संथपणे वर येतो, वर येताना आपली उष्णता फारशी गमावत नाही, आणि दाब उतरल्यामुळे त्याचा थोडा भाग वितळतो. तो शिलारस थिजून सहा-सात किलोमीटर जाडीचे सागरी कवच तयार होते. सुमारे ६५,००० किलोमीटर लांबीच्या या रांगेवर पृथ्वीवरील बहुतेक शिलारस बाहेर पडतो, पण पाण्याखाली, शांतपणे, आणि म्हणून ज्वालामुखींच्या नेहमीच्या नकाशांत त्याची नोंदही नसते. आइसलँडमध्ये मात्र ही रांग पाण्यावर आलेली आहे. तेथील क्राफ्ला परिसरात १९७५ ते १९८४ या काळात जमीन वारंवार फाकली, शिलारस भेगांत शिरला आणि नऊ वेळा पृष्ठावर आला. १९७७ च्या सप्टेंबरमध्ये तर भूगर्भीय वाफेसाठी खणलेल्या हजार मीटरांहून खोल विहिरीच्या नळीतूनच थोडा लाव्हा बाहेर उडाला. यापूर्वीचा असा काळ १७२४ ते १७२९ हा होता. वर्षाला सुमारे दोन सेंटिमीटर फाकण्याची गती त्या अडीचशे वर्षांत साठून राहिली आणि नऊ वर्षांत कित्येक मीटरांनी मोकळी झाली. साठणे आणि एकदम सुटणे हे भूकंपांचे वर्तन येथे ज्वालामुखीच्या बाबतीतही दिसते.

जेथे भूपट्ट खाली शिरतो तेथे तर थंड वस्तू गरम प्रावरणात जात असते. मग वितळणे वाढावे का? याचे उत्तर पाण्यात आहे. सागरी भूपट्ट कोट्यवधी वर्षे समुद्राखाली असताना त्याच्या भेगांत पाणी मुरते आणि सर्पेंटाइन, चिकणमाती अशा खनिजांच्या रचनेत बांधले जाते. खाली जाताना दाब आणि तापमान वाढले की ही खनिजे मोडतात आणि पाणी सुटून वरच्या गरम प्रावरणाच्या पाचरीत शिरते. पाण्यामुळे तेथील खडकाचा वितळणबिंदू शेकडो अंशांनी उतरतो आणि शिलारस तयार होतो. म्हणून ज्वालामुखींची रांग गर्तेवर नसते. खाली गेलेला भूपट्ट साधारण शंभर किलोमीटर खोल पोचतो त्या जागेच्या वर ती असते. उतार तीव्र असेल तर रांग गर्तेच्या जवळ, मंद असेल तर दूर. याच पाण्यामुळे हे ज्वालामुखी स्फोटक असतात: शिलारस वर येताना त्यात विरलेले पाणी वाफ होऊन फुगते आणि घट्ट शिलारसाच्या ठिकऱ्या उडवते. १९९१ मध्ये फिलिपिन्समधील पिनातुबोचा उद्रेक याच प्रकारचा होता.

पाण्याचे हे स्पष्टीकरण बरोबर आहे याचा दाखला अँडीज पर्वतात मिळतो, आणि त्यातच भूकंप व ज्वालामुखी यांची कारणे वेगळी असल्याचाही पुरावा आहे. पॅसिफिकच्या आग्नेय भागातील नाझ्का भूपट्ट दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याखाली शिरतो, पण मध्य चिलीच्या एका पट्ट्यात आणि पेरूच्या उत्तर व मध्य भागात तो शंभर किलोमीटर खोल गेल्यावर जवळजवळ आडवा होऊन वरच्या खंडाला चिकटूनच पुढे सरकतो. मध्ये गरम प्रावरणाची पाचरच उरत नाही. पाणी सुटले तरी ते वितळवणार कशाला? त्या पट्ट्यांत जागृत ज्वालामुखी नाहीत. भूकंप मात्र तितकेच आहेत: सप्टेंबर २०१५ मध्ये चिलीतील इयापेलजवळ ८.३ महत्तेचा भूकंप झाला तो याच ज्वालामुखीहीन पट्ट्यापुढे. हिमालयाचेही तसेच. १९५० मध्ये आसाम-तिबेट सीमेवर ८.६ आणि २०१५ मध्ये नेपाळात ७.८ महत्तेचा भूकंप झाला, तरी हिमालयात जागृत ज्वालामुखी नाही, कारण तेथे दोन्ही बाजूंना हलके खंडीय कवच आहे आणि पाण्याने भरलेला सागरी भूपट्ट आता खाली जात नाही. सॅन आंद्रेआससारख्या विभंगावर भूपट्ट एकमेकांना घासत आडवे जातात. तेथे दाब उतरत नाही आणि पाणीही खाली जात नाही, म्हणून शिलारस तयार होत नाही. पॅसिफिकच्या काठाला ‘अग्निकंकण’ म्हणण्याचा प्रघात मला म्हणूनच खटकतो. ते कंकण ठिकठिकाणी तुटलेले आहे, आणि का तुटले आहे हेच त्यातले शिकण्यासारखे आहे.

एकाने दुसऱ्याला चेतवल्याची उदाहरणे नाहीत असे मात्र नाही. १९६० च्या चिलीतील महाभूकंपानंतर सुमारे ३८ तासांनी कोर्दोन काउये या ज्वालामुखीचा उद्रेक झाला. अशा वेळी शिलारस आधीच वर येऊन थांबलेला असावा लागतो. भूकंप तो निर्माण करीत नाही.

सीमांपासून दूर पडणारे ठिपकेही आहेत, आणि मी ते निराळ्या रंगाने देतो. हवाई बेटे पॅसिफिक भूपट्टाच्या मध्यावर आहेत; तेथे नेहमीपेक्षा तापलेला खडक खोलातून वर येतो आणि भूपट्ट त्यावरून सरकत गेल्याने बेटांची रांग तयार होते, असे विल्सन यांनीच १९६३ मध्ये सुचवले होते. अमेरिकेच्या मध्यभागी न्यू माद्रिद येथे १८११-१२ च्या हिवाळ्यात मोठे भूकंप झाले. तेथे कोट्यवधी वर्षांपूर्वी खंड फाटता फाटता राहिल्याची जुनी, गाडली गेलेली खचदरी आहे. भूपट्ट कडक असतो, पण पूर्णपणे निर्दोष नसतो.

यांपैकी एका जागेसाठी मी वेगळा कागद घेतला आहे. ११ एप्रिल २०१२ रोजी सुमात्राच्या पश्चिमेला, गर्तेच्याही बरेच पश्चिमेला, हिंदी महासागराच्या तळाखाली ८.६ आणि दोन तासांनी ८.२ महत्तेचे भूकंप झाले. पहिला भूकंप आडव्या घसरणीचा यंत्रांनी नोंदलेला सर्वांत मोठा भूकंप ठरला, आणि तो परस्परांना काटकोनात असलेल्या अनेक भेगांवर एकापाठोपाठ झाला. जुन्या नकाशांत तेथे कोणतीही सीमा नाही. भारत आणि ऑस्ट्रेलिया एकाच भूपट्टावर दाखवले जात. पण भारताची वाट उत्तरेला हिमालयाने अडवली आहे, आणि ऑस्ट्रेलियाकडची बाजू सुमात्राखाली अजून सहज शिरते आहे. एकाच तुकड्याच्या दोन भागांच्या गतीत फरक पडला, आणि मधला समुद्रतळ लाखो वर्षांपासून वाकतो आहे, मोडतो आहे. तेथील ठिपके एका ओळीत येत नाहीत. ते हजारो किलोमीटर रुंदीच्या पट्ट्यात पसरलेले आहेत. त्या कागदावर मी तेथे पेन्सिल आडवी धरून फिकट छटा तेवढी दिली आहे. रेषा म्हणता येईल इतके ठिपके तेथे अजून नाहीत.